तुमच्या वायफायवर कोण कोण बसलंय? हे शोधता येतं ते या दाढीवाल्या माणसाच्या यादीमुळे

नवी मुंबई वसवताना सिडकोनं ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादित केल्या. कोपरखैरणेला लागून असलेलं बोनकोडे हे त्यातलंच एक. आज इथल्या गावठाणात इमारतीला इमारत खेटून उभी आहे. फोनवर वायफाय सुरू केलं की शेजाऱ्याचं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं, खालच्या दुकानाचं अशी नावांची रांगच दिसते. पासवर्डही असाच फिरतो. पाहुण्याला दिला, भाडेकरूला दिला, कॅमेरा बसवायला आलेल्या माणसाला दिला. माणूस गेला, पण पासवर्ड त्याच्याकडेच राहिला.

आता एक साधा प्रश्न. तुमच्या घरच्या वायफायला या क्षणी किती उपकरणं जोडलेली आहेत?

बहुतेक जण म्हणतील चार-पाच. पण टीव्ही, सेट टॉप बॉक्स, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, स्मार्ट बल्ब, प्रिंटर, जुना टॅब असं मोजत गेलं की आकडा वाढतच जातो. खरं उत्तर हवं असेल तर नेटवर्क स्कॅन करावं लागतं. मोबाईलवर एखादं स्कॅनर ॲप टाकायचं, बटण दाबायचं, की काही सेकंदांत यादी समोर येते. १९२.१६८.१.५ हा टीव्ही, १९२.१६८.१.९ हा कॅमेरा, त्याचा ८० नंबरचा पोर्ट उघडा आहे, वगैरे.

हे आकडे कोणी ठरवले? कॅमेऱ्याचं वेब पेज ८० नंबरवरच का सापडतं? सगळ्यांच्या घरातले पत्ते १९२.१६८ नेच का सुरू होतात?

या प्रश्नांचा माग काढत गेलं की आपण एका माणसापर्यंत पोहोचतो. लांब पांढरी दाढी, पायात सँडल, फारसं न बोलणारा स्वभाव. नाव जॉन पोस्टेल. जवळपास तीस वर्षं या माणसानं इंटरनेटची यादी सांभाळली.

एकाच शाळेतले तिघे

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीना इथं झाला. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये ते शिकले. ही शाळा लक्षात ठेवा. कारण इंटरनेटच्या पायाभरणीतली आणखी दोन मोठी नावं, व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर, याच शाळेतली.

पुढे हे तिघंही लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात एकत्र आले. पोस्टेल यांनी तिथून १९६६ मध्ये पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये पीएचडी मिळवली.

त्याच काळात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून अर्पानेट नावाचं जाळं उभं राहत होतं. दूरदूरचे कॉम्प्युटर एकमेकांशी जोडायचे, हा त्यामागचा प्रयोग. या जाळ्याचा पहिला नोड १९६९ मध्ये यूसीएलएमध्ये प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत बसला. पोस्टेल तिथेच विद्यार्थी म्हणून काम करत होते. त्या वर्षाच्या अखेरीस अर्पानेटवर फक्त चार ठिकाणं होती.

चार ठिकाणांची यादी कोणीही तोंडपाठ ठेवू शकतं. अडचण त्यानंतर सुरू झाली.

यादी ठेवायची कोणी?

जाळं वाढलं तसे प्रश्न वाढले. कोणत्या कॉम्प्युटरला कोणता नंबर दिला? फाईल पाठवण्यासाठी कोणता नंबर वापरायचा? दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करण्यासाठी कोणता? दोन विद्यापीठांनी दोन वेगळ्या कामांसाठी एकच नंबर वापरला तर सगळाच गोंधळ.

कोणीतरी नोंद ठेवायला हवी होती. काम कंटाळवाणं होतं. त्यात ना पेटंट होतं ना प्रसिद्धी. पोस्टेल यांनी ते स्वतःहून अंगावर घेतलं. मे १९७२ मध्ये त्यांनी सगळ्यांना एक टिपण पाठवून सुचवलं की हे नंबर वाटण्याचं काम एकाच माणसाकडे असावं. तो माणूस अर्थातच ते स्वतः झाले.

याच्या जोडीला आणखी एक काम आलं. अर्पानेटवर काम करणारी मंडळी आपापल्या कल्पना आरएफसी नावाच्या टिपणांमध्ये लिहीत. म्हणजे, मी असं सुचवतोय, तुमचं मत सांगा, असा त्याचा सूर. पहिलं टिपण क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये लिहिलं. या टिपणांचं संपादन पोस्टेल यांच्याकडे आलं आणि ते शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. आज इंटरनेट ज्या नियमांवर चालतं ते बहुतेक सगळे या टिपणांमध्ये आहेत.

१९७७ मध्ये पोस्टेल लॉस एंजेलिसजवळच्या मरीना डेल रे इथल्या इन्फॉर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आयएसआयमध्ये आले आणि कायमचे तिथेच राहिले. नंबरांची यादी 'असाइन्ड नंबर्स' या नावानं वेळोवेळी छापली जायची. जॉइस रेनॉल्ड्स या सहकारी या कामात त्यांच्यासोबत होत्या. पुढे या कामाला आयएएनए असं भारदस्त नाव मिळालं. पण नाव एखाद्या संस्थेचं असलं तरी प्रत्यक्षात तिथं पोस्टेल आणि मोजके सहकारी एवढेच होते.

वेबसाइटसाठी ८०, ईमेलसाठी २५, डोमेन नावांसाठी ५३ हे पोर्ट नंबर या यादीत नोंदले गेले. तुमचं स्कॅनर ॲप कॅमेऱ्याचा पोर्ट ८० उघडा आहे असं सांगतं, तेव्हा ते याच यादीच्या आजच्या आवृत्तीवर विसंबून असतं. यादी नसती तर ॲपला फक्त आकडा दिसला असता. तो कशाचा, हे सांगता आलं नसतं.

हाक मारायची आणि 'ओ' येते का बघायचं

पोस्टेल फक्त कारकुनी करत होते असं समजू नका.

ऑगस्ट १९७७ मध्ये त्यांनी एक टिपण लिहिलं. तेव्हा डेटा पोहोचवण्याची सगळी जबाबदारी टीसीपी या एकाच प्रोटोकॉलवर होती. पोस्टेल यांचं म्हणणं होतं की ही दोन वेगळी कामं आहेत. पाकीट योग्य पत्त्यावर नेणं हे एक आणि सगळी पाकिटं नीट पोहोचली का हे पाहणं हे दुसरं. त्यांची फोड करा. पुढे तसंच झालं आणि पत्त्याचं काम आयपीकडे आलं. आपण ज्याला आयपी ॲड्रेस म्हणतो त्यातला आयपी हाच.

सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी आणि टीसीपीची अधिकृत टिपणं पोस्टेल यांच्या संपादनाखाली आली. त्यांच्यासोबत आयसीएमपी नावाचं तिसरं टिपणही आलं. त्यात 'इको'ची सोय होती. एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला इको पाठवायचा, दुसऱ्यानं तो तसाच परत करायचा. रानात हाक मारल्यावर पलीकडून 'ओ' यावी, तसं.

डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक मूस यांनी याच सोयीवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव पिंग. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून हे नाव पडलं. 'पिंग करून बघ' हे आज आपण ऑफिसातही सहज म्हणतो.

घरातलं स्कॅनिंग याच तत्त्वावर चालतं. साधारण घरगुती नेटवर्कमध्ये वापरता येणारे २५४ पत्ते असतात. ॲप प्रत्येक पत्त्याला एकेक करून हाक मारतं. काही उपकरणं पिंगला गप्प राहतात. म्हणून स्कॅनर एआरपी नावाची दुसरी युक्तीही वापरतो. अमुक पत्ता कोणाचा आहे, असं तो सगळ्या नेटवर्कला विचारतो. नेटवर्कवर राहायचं असेल तर या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. म्हणून फुकट वायफाय वापरणारा शेजारी बहुतेक वेळा इथे सापडतो.

मुंबईलाही या यादीत जागा मिळाली

आकडे लक्षात ठेवणं माणसाला जड जातं. म्हणून पोस्टेल यांनी आयएसआयमधल्या पॉल मॉकापेट्रिस यांना यावर मार्ग शोधायला सांगितलं. त्यातून १९८३ मध्ये डोमेन नावांची पद्धत, म्हणजे डीएनएस, जन्माला आली. पुढच्याच वर्षी पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांनी .कॉम, .ऑर्ग, .एज्यु या नावांची आखणी मांडली. प्रत्येक देशासाठी दोन अक्षरांचं नावही ठरलं.

इथे पोस्टेल यांचा शहाणपणा दिसतो. कोणता भूभाग देश आणि कोणता नाही, या वादात पडायचंच नाही असं त्यांनी ठरवलं. देशांच्या दोन अक्षरी संकेतांची एक आंतरराष्ट्रीय यादी आधीच होती. तीच त्यांनी उचलली. दुसऱ्याची यादी नीट चालत असेल तर आपली नवी काढायची नाही.

भारताच्या .इन या नावाची नोंद ८ मे १९८९ ची आहे. त्याचा कारभार मुंबईत जुहूला असलेल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे, म्हणजे एनसीएसटीकडे होता. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखालची ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. सर्वसामान्य भारतीयांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, व्हीएसएनएलमार्फत. म्हणजे घरात इंटरनेट येण्याच्या सहा वर्षं आधीच पोस्टेल यांच्या वहीत आपल्या नावाची ओळ लिहिली गेली होती, आणि तिचा पत्ता मुंबईचा होता.

१९२.१६८ ची गोष्ट

आयपीचे पत्ते ठरले तेव्हा एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते उपलब्ध होते. मूठभर विद्यापीठांच्या जाळ्याला हे कधीच कमी पडणार नाहीत असं तेव्हा वाटलं. नव्वदीच्या दशकात मात्र ते अपुरे पडणार हे स्पष्ट झालं.

मग १९९४ मध्ये एक तोडगा निघाला. आयएएनएनं पत्त्यांचे तीन गट कायमचे बाजूला काढले. हे पत्ते कोणीही आपल्या घरात, ऑफिसात वापरायचे. बाहेरच्या इंटरनेटवर ते चालणार नाहीत, त्यामुळे दोन घरांत सारखे पत्ते असले तरी टक्कर होणार नाही. त्यातला एक गट १९२.१६८ ने सुरू होतो. म्हणून बोनकोड्यातल्या घरात आणि बोस्टनमधल्या मराठी कुटुंबाच्या घरात राउटरचा पत्ता एकच असू शकतो. चाळीत प्रत्येक मजल्यावर पहिली खोली असते, तसंच हे.

यामुळे एक गोष्ट बदलली. त्याआधी नेटवर्कवरच्या प्रत्येक पत्त्याचा धागा पोस्टेल यांच्या यादीपर्यंत जायचा. घरातल्या खासगी पत्त्यांची नोंद मात्र जगात कोणाकडेच नाही. ती राउटर तात्पुरती ठेवतो आणि विसरतो. म्हणजे आपल्या घरापुरता पोस्टेल आपल्यालाच व्हावं लागतं.

२३ नंबरचा दरवाजा

पोस्टेल यांचा एक नियम तंत्रज्ञानाच्या जगात प्रसिद्ध आहे. आपण पाठवताना नियम काटेकोर पाळायचे, पण समोरून काही थोडं वाकडंतिकडं आलं तर समजून घ्यायचं. या उदारपणामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या पद्धतीचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलू शकले.

पण तो काळ वेगळा होता. जाळ्यावरची बहुतेक माणसं एकमेकांना नावानं ओळखत होती. मे १९८३ मध्ये पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांनी टेलनेटचं टिपण लिहिलं. दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याची ही पद्धत, तिचा पोर्ट नंबर २३. यात पासवर्डसुद्धा उघडाच जायचा. तेव्हा त्यात कोणाला धोका वाटला नाही.

तेहतीस वर्षांनी, २०१६ मध्ये, मिराई नावाच्या व्हायरसनं हाच दरवाजा शोधून काढला. तो जगभरातले पत्ते स्कॅन करायचा, पोर्ट २३ उघडा दिसला की कंपनीनं दिलेले सुमारे ६० नेहमीचे युजरनेम-पासवर्ड लावून बघायचा आणि आत शिरायचा. सापडले ते मुख्यतः घरगुती सीसीटीव्ही कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या उपकरणांच्या फौजेनं डीएनएस सेवा देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांसाठी तासन्‌तास बंद पडल्या.

त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना बहुधा याची खबरही नव्हती. कॅमेरा चित्र दाखवत होता, म्हणजे सगळं ठीक. तुम्ही तुमचं नेटवर्क स्कॅन केलं नाही तरी कोणीतरी ते करतच असतं, हे मिराईनं दाखवून दिलं.

जानेवारी १९९८: यादी नक्की कोणाची?

नव्वदीच्या दशकात डोमेन नावांत पैसा आला. १९९५ पासून नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी एका नावामागे वर्षाला ५० डॉलर घेऊ लागली. इंटरनेटची मुख्य यादी ठेवणारा रूट सर्व्हरही तिच्याकडेच होता. पोस्टेल यांच्यासारख्या जुन्या मंडळींना हे पटत नव्हतं. दुसरीकडे 'द इकॉनॉमिस्ट'नं १९९७ मध्ये पोस्टेल यांना थेट देवाची उपमा दिली होती.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी एक ईमेल पाठवला. जगात तेव्हा १३ रूट सर्व्हर होते. त्यांपैकी आठ चालवणाऱ्यांना त्यांनी सांगितलं की यापुढे यादी नेटवर्क सोल्युशन्सकडून नाही, आयएएनएच्या सर्व्हरवरून घ्या. आठही जणांनी ऐकलं. ना सही, ना शिक्का, ना सरकारी आदेश. पोस्टेल सांगतायत, एवढं पुरेसं होतं.

व्हाइट हाउस हादरलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी फोन केला आणि हे मागे घ्यायला सांगितलं. पोस्टेल यांनी ही फक्त चाचणी होती असं म्हणत सगळं पूर्ववत केलं. वापरणाऱ्या कोणालाही काही जाणवलं नाही. पण एका माणसाच्या शब्दावर इंटरनेट इकडचं तिकडे होऊ शकतं, हे सगळ्या जगाला कळलं.

विश्वास होता म्हणून यादी चालली. पण सगळा विश्वास एकाच माणसावर असणं हा धोकाही होता. हे पोस्टेल यांनाही कळत होतं. यादी सांभाळण्यासाठी कायमस्वरूपी संस्था हवी म्हणून त्या वर्षभर ते झटत राहिले. ३० सप्टेंबर १९९८ रोजी आयकॅन या संस्थेची नोंदणी झाली. ७ ऑक्टोबरला त्यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली.

त्यानंतर नऊच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं. वय होतं ५५. हृदयाच्या झडपेवर त्यांची १९९१ मध्येही एक शस्त्रक्रिया झाली होती.

यादी मात्र थांबली नाही. शाळेतले जुने सोबती व्हिंट सर्फ यांनी लिहिलेली श्रद्धांजलीही आरएफसी म्हणूनच प्रसिद्ध झाली, क्रमांक २४६८. इंटरनेट सोसायटी १९९९ पासून त्यांच्या नावानं पुरस्कार देते.

आता तुमच्या घराची यादी

पोस्टेल यांनी जे जगासाठी केलं ते घरासाठी करायला अर्धा तास पुरतो.

१. राउटरच्या मागच्या स्टिकरवर त्याचा पत्ता असतो. बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाका, लॉगिन करा आणि जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. मग स्कॅनर ॲपनं पुन्हा बघा आणि दोन्ही ताडून पाहा.

२. एका वहीत लिहा. उपकरण कोणतं, कोणाचं, घरात कुठे आहे, पत्ता काय आणि तारीख.

३. ओळख पटत नसेल तर घाबरू नका. २०१९-२० पासूनचे अँड्रॉइड आणि आयफोन खासगीपणासाठी आपला हार्डवेअर पत्ता बदलून सांगतात, त्यामुळे स्वतःचा फोनही अनोळखी दिसू शकतो. एकेका उपकरणाचं वायफाय बंद करा आणि यादीतून काय गेलं ते बघा.

४. तरीही एखादं नाव उरलंच तर वायफायचा पासवर्ड बदला. सगळी उपकरणं एकेक करून पुन्हा जोडा. कंटाळा येईल, पण यादी आपोआप तयार होईल. पाहुण्यांसाठी आणि भाडेकरूंसाठी राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असेल तर ती वापरा.

५. कॅमेरा, डीव्हीआर आणि राउटर यांचे कंपनीनं दिलेले पासवर्ड आजच बदला. पोर्ट २३ उघडा दिसला तर उपकरणाच्या सेटिंगमध्ये जाऊन टेलनेट बंद करा.

६. स्कॅन फक्त आपल्याच नेटवर्कचं करा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येतं.

आणि शेवटचं. घरात राउटरचं सगळं एकाच माणसाला माहीत असतं, बहुतेक वेळा घरातल्या मुलाला किंवा मुलीला. ती नोकरीसाठी पुण्याला गेली की मागे कोणालाच पासवर्ड सापडत नाही. त्यामुळे ही वही लाईट बिलाच्या फायलीत ठेवा आणि ती कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला तरी सांगून ठेवा. आयकॅन उभी करताना पोस्टेल यांची धडपड हीच होती. यादी ठेवणारा नसला तरी यादी सापडली पाहिजे.